मदत हवी आहे: बाबांच्या ट्यूमरचे दोन रिपोर्ट, दोन तोंडं. इम्युनोथेरपीसाठी धरायचा कुठला?

उजवीकडून_तिसरा:

नमस्कार मंडळी, इथे वाचत असतो पण लिहितोय पहिल्यांदाच, लांबलंय, सांभाळून घ्या.

बाबा 61 वर्षांचे. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, उजव्या बाजूला. आतड्याचं ऑपरेशन झालं पण लिव्हरमध्ये तीन गाठी आहेत म्हणजे स्टेज चार. आता केमो की इम्युनो हे ठरायचंय आणि ते सगळं एमएमआरच्या (डीएनए कॉपी होताना झालेल्या चुका दुरुस्त करणारी पेशीतली यंत्रणा) तपासणीवर अडकलंय. पहिल्या लॅबने आयएचसी (गाठीच्या तुकड्याला रंग देऊन प्रोटीन आहे का बघतात ती) केली, त्यात दुरुस्तीच्या चार प्रोटीनपैकी एमएलएच1, पीएमएस2, एमएसएच2 या तिघांपुढे 'शाबूत' आणि एमएसएच6 पुढे 'लॉस', खाली ठळक अक्षरात डी-एमएमआर, म्हणजे दुरुस्ती बिघडलेली. डॉक्टर आधीच म्हणाले होते की हे निघालं तर इम्युनो लागू पडायची शक्यता चांगली, त्यामुळे आम्ही खूश. मग कोणीतरी म्हणालं पीसीआर पण करून टाका, खात्री होईल. केली. डीएनएवरचे पाच मार्कर, पाचही स्टेबल, निष्कर्ष एमएसएस, म्हणजे बिघाडाची खूण नाही. झाली खात्री!

आता डॉक्टर म्हणतात थोडं थांबू, नाहीतर केमो सुरू करू आणि मग बघू. मी रात्री जागून वाचतोय तर 2015 चा पेम्ब्रोलिझुमॅबचा (इम्युनोथेरपीचं औषध, पेम्ब्रो) तो पहिला गाजलेला अभ्यास सापडला, त्यात आतड्याच्या कॅन्सरवाल्यांत एमएमआर बिघडलेल्या 10 पैकी 4 जणांच्या गाठी आकसल्या आणि एमएमआर शाबूत असलेल्या 18 पैकी एकाच्याही नाही. म्हणजे चुकीच्या रिपोर्टवर विसंबलो तर एकतर चालणारं औषध हातचं जाणार किंवा न चालणाऱ्या औषधात महिने जाणार. दोन्हीतला खोटा रिपोर्ट कुठला हे कसं ओळखायचं? तिसरी टेस्ट करायची तर कुठली?

आणखी लागणारी माहिती: रेडिएशन झालेलं नाही. केआरएएस या जीनमध्ये म्युटेशन आहे. फॅमिली हिस्ट्री नाही, म्हणजे आत्याला पन्नाशीच्या आत गर्भाशयाचा झाला होता पण ती आता ठणठणीत आहे आणि आतड्याचा कोणालाच नव्हता म्हणून फॉर्मवर 'नाही' लिहिलं.

सहजच:

बीआरएएफ जीनची टेस्ट करून घ्या, माझ्या मेव्हण्याच्या वेळी त्यावरूनच ठरलं होतं. आणि पीडी-एल1 (ट्यूमरवरचं एक प्रोटीन) पण. जास्त आला की इम्युनो चालते.

काचपट्टी:

सहजच, राग मानू नका पण इथे दोन्हीचा उपयोग नाही. एमएमआरच्या प्रश्नात बीआरएएफ बघतात ते एमएलएच1 गेलेला असेल तेव्हा. व्ही600ई म्युटेशन सापडलं तर ते प्रकरण बहुतेक वेळा आनुवंशिक नसतं, एमएलएच1 चं जीन मिथिलेशनने, म्हणजे त्यावर रासायनिक खुणा बसून, बंद पडलेलं असतं. यांचा एमएलएच1 जागेवर आहे. आणि पीडी-एल1 चा स्कोअर जठर आणि अन्ननलिकेच्या कॅन्सरमध्ये विचारतात, मोठ्या आतड्यात त्यावरून कोणी औषध ठरवत नाही.

धागाकर्ते, मी पॅथॉलॉजीत बरीच वर्षं काढलीत पण तुमची स्लाइड पाहिलेली नाही, तेव्हा हे समजून घेण्यापुरतं धरा, निर्णय तुमच्या डॉक्टरांचा. तुमचा प्रश्नच मला जरा चुकलेला वाटतो. दोन्ही रिपोर्ट खरे असू शकतात.

आयएचसी बघते दुरुस्ती करणारं प्रोटीन आहे की नाही. पीसीआर बघते दुरुस्ती न झाल्याची खूण डीएनएवर उमटली की नाही. मेस्त्री गैरहजर आहे हे एक आणि भिंतीला ओल आली हे दुसरं, बहुतेक वेळा दोन्ही बरोबर दिसतं, पण एमएसएच6 एकटाच गेला असेल तिथे अनेकदा घोळ होतो. कारण असं की एमएसएच2 ला दोन जोडीदार आहेत. एमएसएच6 बरोबर जोडी जमली की एका अक्षराच्या जागी दुसरं बसलं असेल तर ती चूक पकडली जाते, शिवाय छोटे फुगवटेही. एमएसएच3 बरोबर जमली की फक्त फुगवटे, म्हणजे डीएनए कॉपी होताना एखाददुसरं अक्षर जास्त पडलं किंवा गळलं ते. आता एमएसएच6 नाहीये, पण फुगवट्यांचं काम एमएसएच3 बऱ्यापैकी उरकतो. आणि पीसीआरवाले मार्कर बघतात ते नेमकं हेच! बॅट-25, बॅट-26 म्हणजे एकच अक्षर सलग पंचवीस-सव्वीस वेळा, त्या पट्ट्याची लांबी बदलली का एवढंच मोजतात. लांबी एमएसएच3 ने सांभाळली, मार्कर स्टेबल. पण अक्षरांच्या अदलाबदलीकडे बघायला कोणीच नाही, ती म्युटेशनं साचत जातात, आणि इम्युनोथेरपीला खाद्य अशा साचलेल्या म्युटेशनांचं लागतं, त्यातून टी-सेलना (शरीराच्या बचावाच्या पेशी) ट्यूमर परका दिसतो.

म्हणून तिसरी टेस्ट करायची तर त्याच ब्लॉकवर (मेणात जपलेला ट्यूमरचा तुकडा) एनजीएसचं मोठं पॅनल, म्हणजे एकाच वेळी शेकडो जीन वाचणारी टेस्ट. त्यात एमएसएच6 चं म्युटेशन थेट दिसेल, टीएमबी म्हणजे डीएनएच्या दर दहा लाख अक्षरांमागे किती म्युटेशनं ते कळेल, आणि पीओएलई, पीओएलडी1 ही डीएनए कॉपी करणारी जीनं पण बघून होतील. ते दोन बिघडले तर एमएसएस असूनही म्युटेशनांचा पूर असतो, क्वचित सापडतात पण सापडले तर सोनं. टीएमबी 10 किंवा त्याहून वर म्हणजे जास्त हा आकडा 2020 च्या अमेरिकन मंजुरीतून आलाय, पण आतड्याच्या कॅन्सरमध्ये कुठल्याही कारणाशिवाय 11-12 आला तर मी हुरळून जाणार नाही. यांच्यात कारण समोर आहे, तेव्हा आकडा चांगला घसघशीत यायला हवा.

त्याआधी स्वस्तातलं एक काम. ती एमएसएच6 ची स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. ट्यूमरच्या मधेमधे लिम्फोसाइट (निरोगी पांढऱ्या पेशी) असतात, त्यांची केंद्रकं तपकिरी रंगलीच पाहिजेत. ती पण फिकट असतील तर स्टेन फसलाय आणि 'लॉस' खोटा. लॅबमध्ये दमलेल्या दुपारी असले रिपोर्ट सुटतात, मी पाहिलेत.

आणि आत्याचं. ते 'नाही' खोडा आधी. एमएसएच6 चा लिंच सिंड्रोम (दुरुस्तीचं बिघडलेलं जीन घराण्यातून येतं तो) असेल तर बायकांमध्ये आतड्याइतकाच, खरं तर जास्तच, गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर दिसतो. बाबा आणि त्यांची सख्खी बहीण, याला फॅमिली हिस्ट्री नाही तर काय म्हणायचं? बाबांची रक्तावरची जर्मलाइन टेस्ट (म्युटेशन जन्मापासूनच आहे का ते बघणारी) करायला सांगा.

पायरी_पायरीने:

काचपट्टी ताईंनी सगळं लिहिलंच आहे, मी फक्त घरचा अनुभव. आईला एमएसआय-हाय (एमएसएसच्या उलट, मार्कर बदललेले), पेम्ब्रो चालू आहे, गाठी जवळजवळ दिसेनाशा झाल्यात, त्या बदल्यात थायरॉइड बसला आणि आता रोजची गोळी. पण मार्कर पॉझिटिव्ह म्हणजे पक्कं असं डोक्यात घेऊ नका. पेम्ब्रो विरुद्ध केमो अशा कीनोट-177 या अभ्यासात 307 जण होते, सगळे एमएसआय-हाय किंवा डी-एमएमआर, आजार न वाढता गेलेला मध्यक काळ पेम्ब्रोवर 16.5 महिने आणि केमोवर 8.2, पण पेम्ब्रोवाल्यांतले 29 टक्के लोक असे की ज्यांचा आजार थांबलाच नाही, सरळ वाढत गेला, केमोवर तेच 12 टक्के. आम्हाला हे कोणी आधी सांगितलं नव्हतं, पहिल्या स्कॅनच्या आदल्या रात्री मी वाचलं आणि झोप उडाली. तुम्ही आत्ताच वाचून ठेवा. आणि औषध घेतलेल्या प्रत्येकाचा एमएसआयचा रिपोर्ट बरोबरच असतो असंही नाही, औषध न चाललेल्या काहींचा रिपोर्टच मुळात चुकलेला निघतो, म्हणून तुम्ही खोदताय ते योग्यच.

उजवीकडून_तिसरा:

सगळ्यांचे आभार, उत्तर द्यायला खूप दिवस लागले, माफी.

ब्लॉक परत मागायला गेलो, मेणाचा छोटासा तुकडा प्लॅस्टिकच्या डबीत, वर पेन्सिलने नंबर. बाबा सगळेच्या सगळे तेवढ्यात आहेत असं काहीतरी वाटून गेलं. दुसऱ्या पॅथॉलॉजिस्ट बाईंनी मला मायक्रोस्कोपमधून दाखवलं पण. ट्यूमरच्या पेशी निळसर, आणि त्यांच्यामधून बारीक बारीक तपकिरी ठिपके घुसलेले. म्हणाल्या हे ठिपके म्हणजे लिम्फोसाइट, स्टेन चांगला आहे, लॉस खरा आहे. काचपट्टी, तुम्ही लिहिलेलं डोळ्यासमोर होतं म्हणून कळलं तरी.

एनजीएसमध्ये एमएसएच6 चं म्युटेशन सापडलं, टीएमबी 38. पीओएलई नॉर्मल. डॉक्टरांनी ट्यूमर बोर्डात (वेगवेगळ्या तज्ज्ञांची बैठक) ठेवलं आणि पेम्ब्रो सुरू केलं, दर तीन आठवड्यांनी, दोन डोस झालेत. अंगावर थोडं पुरळ, बाकी ठीक. स्कॅन अजून व्हायचाय.

रक्ताचा रिपोर्ट परवा आला. तेच म्युटेशन रक्तात पण आहे. म्हणजे मला आणि ताईला प्रत्येकी पन्नास टक्के. आत्याला फोन केला तर ती म्हणाली, अरे तेव्हा मला हे कोणी विचारलंच नाही, ऑपरेशन झालं आणि सुटले. माझं रक्त सोमवारी जातंय, त्याचं इतकं काही वाटत नाहीये.

ताईला तिसरा महिना चालू आहे. तिला अजून काहीच सांगितलेलं नाही. आई म्हणते बाळंतपण होऊ दे, बाबा म्हणतात आजच सांग. ज्यांच्या घरात अशी वेळ आलीये त्यांनी कृपया लिहा, कधी सांगितलंत, आणि कोणी सांगितलं?