हार्टच्या इकोत (सोनोग्राफीत) डावा कप्पा मोठा आलाय, झेड स्कोअर +२.५ म्हणजे काय?

जांबोटीची आई
मुलगी साडेतीन वर्षांची. दीड वर्षापूर्वी अंगणवाडीत तपासणीला आलेल्या डॉक्टरांना छातीत आवाज लागला. बेळगावात इको केला तर हार्टला होल, खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला. लहान आहे, बुजेल म्हणाले. परवा दुसरा इको झाला. जेल गार लागलं म्हणून तिनं असा आकांत मांडला, की मोबाइलवर गाणी लावली तेव्हा कुठं पडून राहिली. रिपोर्टात खालच्या डाव्या कप्प्याचं माप ३४ मिमी, पुढं झेड स्कोअर +२.५ आणि 'डायलेटेड', म्हणजे ताणून मोठा झालेला. काउंटरवरच्या बाई कन्नडात भराभर बोलल्या, त्यातलं 'दोड्डदु', म्हणजे मोठं, तेवढं कळलं. सासूबाईंनी तर ऑपरेशन ठरवूनच टाकलंय. साडेतीन सेंटिमीटर पण नाही ओ, मग मोठा कसा? गुरुवारी परत बोलावलंय.

इकोवाला, निपाणी
ताई, मी टेक्निशियन. निदान डॉक्टरच करणार. मुलांत नुसते मिलिमीटर वाचून चालत नाही. मोठ्या माणसाला ३४ म्हणजे कमीच, तान्ह्या बाळाला अवाढव्य. म्हणून उंची-वजनावरून अंगाचं क्षेत्रफळ काढतात: सेंमी गुणिले किलो, भागिले ३६००, त्याचं वर्गमूळ. तेवढ्याच अंगाच्या निरोगी मुलांच्या सरासरीपासून आपलं माप किती लांब, तो झेड; मिलिमीटरात नाही, त्या मुलांच्या मापांत एरवी जो फरक असतो (प्रमाण विचलन) त्याच्या किती पट, असा. −२ ते +२ मध्ये असला तर ठीक धरतात.
होलमधून रक्त डावीकडून उजवीकडं जातं, फुफ्फुसात फिरून परत डावीकडंच येतं. त्या जादा रक्तानं डावी बाजू ताणते, म्हणून हे माप बघायचं.
पण आधी सांगा, रिपोर्टवर उंची-वजन काय घातलंय? गर्दीत जुन्या फाइलवरचे आकडे उचलले जातात. मी पण एकदा केलंय, सरांचं बोलणं खाल्लंय.

जांबोटीची आई
अगोबाई! ८४ सेंमी, १० किलो. हे गेल्या खेपेचं. अंगणवाडीच्या कार्डावर या महिन्यात ९५ आणि १३ आहे.

इकोवाला, निपाणी
बघा, म्हणजे ०.४८ चौरस मीटर धरलंय, खरं ०.५९. लहान अंगाशी तोललं तर कप्पा मोठा दिसणारच. प्रोब परत लावायची गरज नाही, ३४ तेच राहील, फक्त झेड नव्यानं काढायला सांगा. तो उतरेल. वरच्या डाव्या कप्प्याचंही विचारा. झेड उतरला म्हणून पुढच्या फेऱ्या मात्र चुकवू नका, होल अजून आहे.

चिकोडीचा बाप
आणि दरवेळी एकाच ठिकाणी करा. आमच्या पोराचं माप तेच, पण एकीकडं +१.८ आणि दुसरीकडं +२.२. मशीनमधले सरासरीचे तक्ते वेगळे होते म्हणे. तेवढ्यात आमची चार रात्रींची झोप गेली.

जांबोटीची आई
कार्ड आत्ताच फाइलीत घातलं. वजन मात्र तिथं परत करायला लावतो, चप्पल काढून. सासूबाईंना अजून सांगितलं नाही, गुरुवारी आल्यावर बघू.