मदत हवी आहे: ब्रेकची एअर निघत नाही, पेडल मऊच (वाई)

वाईचा_भाजीवाला
ब्रेक ऑइल नवीन टाकले, लाइनमध्ये शिरलेली हवा (एअर) काढली, तरी पेडल मऊ. परत काढली, परत तेच. धाकटा भाऊ सकाळपासून पेडल मारून दमला. उद्या पहाटे माल घेऊन पाचगणीला जायचे आहे आणि येताना पसरणी घाट उतरायचा आहे. मेकॅनिक दुपारशिवाय येत नाही म्हणतो. काय करायचे ते सांगा. "गॅरेजला दाखवा" कृपया कोणी लिहू नका.

कोरेगावकर
गाडी कोणती? काय काम केल्यावर हे सुरू झाले?

कृष्णाकाठ
मास्टर सिलेंडर (पेडल दाबले की ऑइल चाकांकडे ढकलतो तो) गेलाय. माझ्या ओम्नीला अगदी असेच झाले होते. दुरुस्तीचे किट टाकू नका, सिलेंडरच नवा घ्या, डोक्याचा ताप जातो.

पाना_बारा
कृष्णाकाठ, अजून गाडीचे नाव कळले नाही आणि तुम्ही सिलेंडर बदलून मोकळे झालात.
भाजीवाले दादा, एवढे सांगा. पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जाते, की स्पंजासारखे दबून तिथेच थांबते? भराभर दोन-तीन वेळा मारले तर वर येते का? निप्पल (एअर काढायचा चाकाजवळचा स्क्रू) उघडल्यावर चारही चाकांना ऑइलची धार सारखी येते का?

वाईचा_भाजीवाला
बोलेरो पिकअप. अजून काय असणार. मागचे दोन्ही व्हील सिलेंडर (चाकात लायनर ड्रमवर दाबणारे) गळत होते म्हणून बदलले, लायनरही नवीन. पुढे काही हात लावला नाही.

कोरेगावकर
एअर कुठून सुरू केली? सगळ्यात लांबचे चाक आधी. स्टिअरिंग उजवीकडे, मास्टर सिलेंडरही उजवीकडे, म्हणजे मागचे डावे, मग मागचे उजवे, मग पुढचे डावे, शेवटी ड्रायव्हर बाजूचे. आणि पेडल सोडायच्या आधी निप्पल बंद झालाच पाहिजे, नाहीतर तिथूनच परत हवा ओढली जाते. वरची ऑइलची बाटली मध्येच रिकामी होऊ देऊ नका.

घाटवाट
सगळ्या गाड्यांना हा क्रम चालत नाही. ज्या गाडीत पुढचे एक आणि मागचे विरुद्ध बाजूचे चाक एका लाइनवर असते, तिथे क्रम वेगळा असतो. कंपनीचे पुस्तक बघा.

कोरेगावकर
पिकअपला पुढची लाइन वेगळी, मागची वेगळी. लांबचे आधी हेच बरोबर.

एसटीतला_जुना
नमस्कार. उभी हयात एसटी चालवली. रोज सकाळी टाकीच्या खालचा कॉक उघडून साठलेले पाणी सोडायचे. प्रेशरचा काटा वर आल्याशिवाय गाडी जागची हलवायची नाही. हे नियम पाळले तर ब्रेक कधी दगा देत नाही.

पाना_बारा
काका, एसटीला हवेचे ब्रेक. तिथे हवाच काम करते. या गाडीत ऑइल काम करते आणि हवा शिरली की ती दबते, म्हणून पेडल मऊ लागते. दोन्ही वेगळ्या गोष्टी.

एसटीतला_जुना
ते खरे. पण घाट तोच आहे. पसरणी उतरताना गाडी न्यूट्रल करायची नाही. ज्या गिअरला चढलात त्याच गिअरला उतरा. डिझेल वाचवायला इंजिन बंद करून उतरणारे आजही दिसतात, त्यांना कोणीतरी सांगा.

घाटवाट
काका बोलले ते लाखमोलाचे. इंजिन बंद झाले की व्हॅक्यूम पंप बंद, बूस्टरमध्ये (पेडलला जोर देणारा डबा) उरलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीन वेळा ब्रेक लागतो, मग पेडल दगड होते. पाचगणी साधारण १३०० मीटरवर, वाई ७००च्या आसपास, एवढी उतरण फक्त ब्रेकवर काढली तर ऑइल उकळते. डॉट ३ (ब्रेक ऑइलचा प्रकार) नवे असताना किमान २०५ अंशांना उकळते, पाणी शोषले की १४०. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. म्हणून घाटात डॉट ४ च टाका.

कृष्णाकाठ
डॉट ५ टाका ना मग, अजून चांगले.

पाना_बारा
अजिबात नको. डॉट ५ सिलिकॉनचे, ते डॉट ३-४ मध्ये मिसळत नाही. ५.१ वेगळे, ते ग्लायकॉलचेच. आधी प्रश्न सुटू द्या, ऑइलचा वाद नंतर.
भाजीवाले दादा, माझ्या तीन प्रश्नांची उत्तरे राहिली.

वाईचा_भाजीवाला
स्पंजासारखे दबते, थांबते. मारत राहिले की थोडे वर येते. पुढे धार जोरात. मागे नुसते थेंब, दोन्ही बाजूंना. नवीन सिलेंडरच खराब निघाले का? दुकानदार परत घेत नाही.

कृष्णाकाठ
मागे येत नाही म्हणजे मास्टर सिलेंडरच. मी पहिल्यापासून तेच सांगतोय.

पाना_बारा
दोन्ही बाजूंना सारखेच कमी आहे, म्हणजे अडचण दोन्ही चाकांच्या आधी, सामाईक ठिकाणी आहे. मास्टर सिलेंडर असू शकतो, पण पैसे खर्च करायच्या आधी फुकटचे तपासा. गाडी कशावर उभी आहे? स्टँड चासीखाली की एक्सलखाली?

वाईचा_भाजीवाला
चासीखाली. चाके मोकळी लटकतात. त्याने काय फरक पडतो?

पाना_बारा
सगळा फरक त्यानेच पडतो. मागच्या एक्सलपासून चासीवरच्या एका व्हॉल्व्हला दांडा जातो, त्याला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह म्हणतात. माल भरला की गाडी बसते, दांडा सरकतो आणि मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर मिळते. एक्सल लटकला की व्हॉल्व्हला वाटते गाडीवर वजनच नाही, आणि तो मागची वाट आवळतो. स्टँड एक्सलखाली घ्या, हौद्यात पोती टाका, पुढच्या चाकांना दगड लावा. मग मागचे डावे उघडा.

वाईचा_भाजीवाला
खाली जाऊन बघितले. दांडा आहे, पण खालच्या बाजूने सुटून लोंबतोय. मागच्या महिन्यात स्प्रिंगचे पाटे बदलले होते, तेव्हा काढलेला परत जोडलाच नाही वाटते.

कृष्णाकाठ
मग तो तारेने वर बांधून टाका कायमचा. आमच्याकडे सगळे तसेच करतात. मागे फुल ब्रेक लागतो.

घाटवाट
हा सल्ला कृपया कोणी घेऊ नका. मागे पूर्ण प्रेशर सोडले आणि गाडी रिकामी असली की मागची चाके आधी लॉक होतात. पावसात पसरणीच्या वळणावर मागची बाजू पुढे येईल. व्हॉल्व्ह बसवलाय तो एवढ्यासाठीच.

पाना_बारा
सहमत. एअर काढण्यापुरता, माल भरल्यावर दांडा ज्या बाजूला सरकतो त्या बाजूला धरून ठेवा. काम झाले की सोडा आणि नीट जोडून घ्या. आणि भांड्यात निघालेले ऑइल परत बाटलीत ओतू नका, त्यात हवेचे बुडबुडे असतात. रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवा.

वाईचा_भाजीवाला
आली! मागे धार आली, आधी फेस आणि मग स्वच्छ ऑइल. पेडल स्पंज नाही आता. पण पहिल्या दाबाला अजून खाली जाते, दुसऱ्याला वर येते आणि कडक होते.

कोरेगावकर
ते लायनरचे अॅडजस्टमेंट. नवीन लायनर आणि ड्रममध्ये फट जास्त राहिली. ड्रमच्या मागच्या खाचेतून अॅडजस्टर फिरवा, चाक हाताने फिरवताना हलके घासल्याचा आवाज येईपर्यंत. दोन्ही बाजू सारख्या. हँडब्रेकची केबल त्यानंतर.

पाना_बारा
बरोबर. मग इंजिन चालू ठेवून पेडल मिनिटभर जोरात दाबून धरा. हळूहळू खाली सरकले आणि बाहेर कुठे गळती नसली, तर कृष्णाकाठ म्हणतात तो मास्टर सिलेंडर बघायचा. नाही सरकले तर विषय संपला. आधी मेणवलीच्या रस्त्याला रिकामी गाडी हळू चालवा, घाटात नाही.

सांगलीचा_वाचक
माझ्या स्कूटरचा मागचा ब्रेक कुईकुई करतो, लायनरला पॉलिश पेपर मारला तर चालेल का?

वाईचा_भाजीवाला
अॅडजस्ट केले. पेडल वरच लागते, दाबून धरले तर सरकत नाही. मेणवलीपर्यंत जाऊन आलो, गाडी सरळ थांबते. निप्पल आणि ड्रमच्या आतली बाजू कोरडी. दांड्याची खालची कडी आणि रबर बुश मात्र इथे रात्री मिळत नाही, दुकान नऊला उघडते. म्हणून पहाटेचा माल चुलतभावाच्या गाडीतून पाठवतोय, ही गाडी दांडा जोडल्यावरच घाटात काढणार. सर्वांचे आभार.