शिलारस चुनखडक ‘वितळवतो’ की ‘सात्म करतो’?

प्रश्न : थरयुक्त अंतर्वेशी खडकांवरील, म्हणजे शिलारस (भूगर्भातील वितळलेला खडक) इतर खडकांत शिरून थराथरांनी गोठल्यावर बनलेल्या खडकांवरील, मजकुरात मी ‘शिलारस भोवतालचा चुनखडक वितळवून घेतो’ असे लिहिले होते. तपासताना ‘वितळवून’ खोडून तिथे ‘सात्मीकरण’ घालण्यात आले. या दोहोंत खरोखर काही फरक आहे का?

उत्तर : आहे, आणि तो केवळ शैलीचा नाही. वितळताना घनाचा द्रव होतो, घटक मात्र तेच राहतात. चुनखडक किंवा डोलोमाइट (मॅग्नेशियमयुक्त कार्बोनेट खडक) शिलारसात सापडला की त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम द्रवात उतरतात, कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो आणि शिलारसाचे संघटनच पालटल्यामुळे पुढे कोणती खनिजे स्फटिकरूप होतील हेही बदलते. चुनखडकाने क्लायनोपायरॉक्सिन या कॅल्शियमयुक्त खनिजाला, तर डोलोमाइटाने ऑलिव्हिन या मॅग्नेशियमयुक्त खनिजालाही बळ मिळते. ‘सात्म्य’ हा आयुर्वेदातला शब्द, शरीराला मानवणारे ते सात्म्य. परके द्रव्य आपलेसे करताना स्वतःही बदलण्याची छटा त्यात आणता येते, म्हणून मला तो पटतो. ‘भेसळ’ मात्र नको. त्यात लबाडीचा वास आहे.

प्रश्न : मग ‘भाजणे’ का चालू नये? चुनाभट्टीतही वायू सुटून चुनकळीच उरते.

उत्तर : भट्टीतला वायू मोकळा निघून जातो, त्यामुळे सुमारे ९०० अंश सेल्सिअसला काम होते. भूपृष्ठाखाली काही किलोमीटरवर वायूचा दाब टिकून राहिला, तर शुद्ध कॅल्साइट (चुनखडकाचे मुख्य खनिज) त्याहून अधिक तापमानातही तग धरतो. तिथे विघटन घडवते ती सिलिका (वाळूतले मुख्य द्रव्य) : कॅल्साइट व सिलिका यांच्या अभिक्रियेतून वोलॅस्टोनाइट हे कॅल्शियम सिलिकेट खनिज बनते आणि वायू बाहेर पडतो. म्हणजे नुसती उष्णता नव्हे, देवाणघेवाण. दक्षिण आफ्रिकेतील बुशवेल्ड या सुमारे २०६ कोटी वर्षांपूर्वीच्या अंतर्वेशनाच्या उत्तर शाखेत, सँडस्लूट येथे, प्लॅटरीफ या प्लॅटिनमयुक्त थराचा शिलारस थेट डोलोमाइटाला भिडला. तिथे थराखालच्या, पायाच्या खडकात कॅल्शियम-मॅग्नेशियमची सिलिकेट खनिजे आढळतात, ती याच देवाणघेवाणीची खूण होय.

प्रश्न : अशा संपर्कपट्ट्यातील खडकाला मराठी नाव?

उत्तर : ‘स्कार्न’ तसेच ठेवावे. स्वीडनमधील खाणकामगार धातुकाबरोबर निघणाऱ्या टाकाऊ दगडाला स्कार्न म्हणत. ‘संस्पर्श-रूपांतरित खडक’ ही संज्ञा त्याहून फार व्यापक आहे, कारण निव्वळ उष्णतेने पुन्हा स्फटिकलेला संगमरवरही तिच्यात येतो.