ट्रिपॅन ब्लूवर ९५ टक्के जिवंत, म्हणून पेशी धडधाकट?

पेशीवेडी: ट्यूमरच्या पेशींचा माग काढता यावा म्हणून त्यांना किरणोत्सारी लेबल लावायचं, लगेच ट्रिपॅन ब्लू (मेलेल्या पेशींत शिरणारा निळा रंग) घालून मोजायचं आणि 'व्हायेबिलिटी', म्हणजे जिवंत पेशींचं प्रमाण, '९५ टक्के' लिहून मोकळं व्हायचं, हे मला पटत नाही. निळा रंग आत शिरला नाही, तर पेशीचं आवरण शाबूत आहे एवढंच कळतं. आमच्या लॅबमध्ये आययूडीआर, म्हणजे किरणोत्सारी आयोडीन-१२५ असलेलं लेबल, दिलेल्या पेशी पहिल्या दिवशी मायक्रोस्कोपखाली छान चकाकत होत्या. त्यातल्याच दोनशे-दोनशे पेशी प्रत्येक डिशमध्ये पेरल्या. बाराव्या दिवशी क्रिस्टल व्हायोलेटने रंगवल्या, तर बिनलेबलच्या डिशमध्ये जांभळ्या ठिपक्यांची (एकेका पेशीपासून वाढलेल्या वसाहतींची) दाटी आणि लेबलच्या डिशमध्ये बोटांवर मोजण्याइतके ठिपके! आययूडीआर थायमिडीन या डीएनएच्या घटकाच्या जागी थेट डीएनएत बसतं, आणि आयोडीनमधून सुटणाऱ्या, अगदी जवळच मार करणाऱ्या ऑजे इलेक्ट्रॉनांचा मारा तिथल्या तिथेच होतो.

क्रोमियमवाला: सगळ्या लेबलांना एकच माप लावू नका. क्रोमियम-५१ हे लेबल पेशीद्रव्यातल्या प्रथिनांना चिकटतं, आणि मारलेल्या पेशींतून ते किती बाहेर पडलं हे मोजणारी आमची चाचणी चार तासांत संपते. बारा दिवसांनी वसाहत होईल का, याच्याशी मला काय करायचंय? आपोआप किती गळतं, ते कंट्रोल वेलमध्ये (तुलनेसाठी न मारलेल्या पेशी ठेवलेल्या खळग्यात) दिसतंच.

पेशीवेडी: चार तासांचं मान्य. पण कर्करोग-संशोधक फिडलर यांनी १९७० साली याच आययूडीआरने लेबल केलेल्या मेलॅनोमा (त्वचेच्या कर्करोगाच्या) पेशी उंदरांच्या शिरेत सोडून त्यांचा माग काढला. तसा प्रयोग दिवसच्या दिवस चालतो. पेशी रक्तात मेली की लेबलने मारली, हे कसं ठरवणार?

उंदीरघर: आययूडीआर निवडतात त्याला कारण आहे. पेशी मेल्यावर सुटलेलं आयोडीन बहुतेक लघवीवाटे जातं, दुसऱ्या पेशी ते फारसं उचलत नाहीत. ट्रिटियमचं (किरणोत्सारी हायड्रोजनचं) थायमिडीन मात्र दुसऱ्या पेशी पुन्हा वापरतात. डोस कमी करा, पद्धत कशाला मोडीत काढता?

पेशीवेडी: पद्धत राहू द्या. पण डोस कमी केला की फुप्फुसातल्या शे-दोनशे पेशी किरणोत्सार मोजणाऱ्या गामा काउंटरच्या बॅकग्राउंडमध्ये (एरवीच्या नोंदीत) बुडतात, म्हणून हात पुन्हा डोसकडेच जातो. मग निदान तीन डिशा लावा: बिनलेबल, लेबलवाली, आणि किरणोत्सार नसलेलं आययूडीआर दिलेली. हे रसायन स्वतःही पेशींना बाधतं, म्हणून तिसरी.

क्रोमियमवाला: त्यासाठी दोन आठवडे थांबायचं?

पेशीवेडी: हो. पक् आणि मार्कस यांनी १९५६ साली हेला या प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी कर्करोग-पेशींच्या वसाहती मोजल्या, तेही थांबलेच होते. डिशा इन्क्युबेटरमध्ये वाढतात, तोवर उंदरांचं काम चालू ठेवा.