एकटी आहे आणि खरंच छान चाललंय, हे आईला कसं सांगू?

गडवाट_सातारा
नमस्कार सगळ्यांना. वय 26, साताऱ्याचीच आहे, इथंच एका कंपनीत अकाउंट्सला आहे. बॉयफ्रेंड नाही, ब्रेकअप वगैरे पण काही झालेलं नाही, कुणाची वाट बघतीय असंही नाही. तुळशीची लग्नं लागली की आमच्याकडं फोन चालू होतात, मावशी स्थळं सांगते, आई पत्रिका काढून ठेवते आणि सगळ्यांच्या बोलण्यात तेच, बिचारी एकटी. मला त्या शब्दाचा लई त्रास होतो.

परवाचा रविवार सांगते. पाचला उठले, अंधारातच चालत अजिंक्यताऱ्यावर गेले, मंगळाईच्या पाया पडून बुरुजावर बसले. खाली गावातले दिवे एकेक करून विझत होते, यवतेश्वरच्या डोंगरावर ढग टेकलेले, डब्यात रात्रीची चपाती आणि शेंगदाण्याची चटणी. तासभर कुणाशी एक शब्द बोलले नाही. यंदा हिल मॅरेथॉन पण पळणार आहे, 21 किलोमीटर, म्हणून यवतेश्वर घाटात सराव चालू आहे, पहिल्यांदा न थांबता घाट चढले त्या दिवशी वर जाऊन रडलेच आनंदानं.

लग्न नकोच असं माझं नाही. पण आत्ताचं हे आयुष्य म्हणजे लग्नाआधीचं थांबणं नाही, हे आईला न दुखवता कसं सांगू?

कृष्णाकाठ
अगं किती बरं वाटलं वाचून. मी सांगलीची, आता लग्न झालंय, पोरगी आहे. ऑगस्ट 2019 ला मी तुझ्याएवढीच होते, पुण्यात नोकरी, एकटी. महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलेलं, धोक्याची पातळीच 45 ची, आमचं गावभागातलं घर अर्धं पाण्यात. पाणी उतरल्या उतरल्या मी बॅग भरली आणि आले, तीन आठवडे राहिले, चिखल काढला, आजीच्या ट्रंकेतल्या साड्या एकेक करून बादलीत हलक्या हातानं धुतल्या, जरीत गाळ बसलेला तो जुन्या ब्रशनं काढला. कुणाची परवानगी नाही, कुणाचा डबा मागं राहिलेला नाही. त्यानंतर आईनं मला बिचारी म्हटलं नाही कधी.

अजून एक, पैशाचं बघ. पीपीएफचं, म्हणजे सरकारी बचत योजनेचं खातं मी तेव्हाच काढलं, 15 वर्षांचं असतं, वर्षाला 500 रुपये भरले तरी चालू राहतं. लग्न होवो न होवो, आपल्या नावावर काहीतरी पाहिजेच.

कोयनाकाठचा
ताई, तुमचं सगळं पटतंय पण एक बाजू राहिली म्हणून लिहितोय. मी कराडचा, वय 29, नोकरीसाठी साताऱ्यात खोली घेऊन राहतो, मलाही आवडतं असं राहायला. गेल्या पावसाळ्यात ताप आला, चार दिवस उठताच येईना, घरी सांगितलं नाही, म्हटलं उगाच काळजी करतील. शेवटी डबा देणाऱ्या काकूंनी बघितलं की कालचा डबा तसाच दाराला लटकतोय, मग त्या जिना चढून वर आल्या आणि त्यांनीच दवाखान्यात नेलं. आता खोलीची दुसरी किल्ली त्यांच्याकडं असते आणि मी रोज सकाळी आईला फोन करतो. एकट्यानं राहायचं तर आपली चार माणसं जोडून ठेवायला लागतात, आणि ही गोष्ट आईला सांगितली तर तिची निम्मी काळजी जाईल असं मला वाटतं.

मिरजेची_काकू
बाळा, मी तुझ्या आईच्या बाजूची. माझं लग्न 19 व्या वर्षी झालं, एकटीनं हॉटेलात बसून चहा पण कधी घेतला नाही, त्यामुळं लेक एकटी खूश आहे हे मला खरंच वाटायचं नाही, वाटायचं मनात काहीतरी दाबून बसलीय. आम्हाला तुमच्या आजची काळजी नसते गं, आम्ही गेल्यावर तुमच्या दारात कोण असणार ही असते.

दोन वर्षांमागं सप्टेंबरात तिनं मला गाडीवर कासला नेलं. फुलं तर बघितलीच, पण मी तिच्याकडंच बघत होते जास्त. प्रत्येक फुलाचं नाव सांगत होती, गुडघ्यावर बसून दाखवत होती, इवली इवली फुलं, सीतेची आसवं म्हणतात ती. ही घरात इतकी बोलत नाही कधी. त्या दिवसापासनं स्थळाचा विषय मी काढलेला नाही, तिनं काढला तर बोलते. तू पण तोंडानं सांगत बसू नको, आईला वर ने.

गडवाट_सातारा
काकू, तुमचं वाचून रात्रीच आईला विचारलं. गुडघे दुखतात म्हणाली, म्हटलं गाडी वरपर्यंत जाते. दादा, किल्लीचं पण सांगितलं, ऐकून थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली त्या काकूंचं भलं होवो. रविवारी सहाला निघतोय. चपाती चटणी नको म्हणतीय, थालीपिठं करणार आहे.