मुलगा अमेरिकेत हरणाच्या शिकारीला निघालाय, काय सांगू त्याला?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर)
मुलगा विस्कॉन्सिनमध्ये नोकरीला आहे. ऑफिसातला मित्र त्याला नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला नेतोय. काल फोनवर ऐकलं आणि मला बोलायलाच सुचेना. नागझिऱ्याला चितळ दिसलं की हाच पोरगा जिप्सीतल्या सगळ्यांना गप्प करायचा. तिकडे कायदेशीर आहे म्हणतो. मला धास्ती बंदुकीची. कुणाला अनुभव आहे का?

उत्तर १ (महाल)
ताई, सरळ नाही म्हणा. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, ते चांगलंच आहे. मुक्या जिवाला मारायची हौस कशाला?

उत्तर २ (मूळचा काटोलचा, ११ वर्षांपासून विस्कॉन्सिनला)
ताई, मी इथे दरवर्षी जातो, म्हणून मोकळेपणानं लिहितो. इथे हरणं फार वाढली आहेत, शेतं खातात, गाड्यांना आडवी येतात. म्हणून सरकारच परवाने देऊन संख्या आवरतं.

आधी कागद बघा. मुलगा व्हिसावर असेल तर शिकारीचा वैध परवाना हाती आल्याशिवाय त्यानं बंदुकीला हातही लावू नये. १ जानेवारी १९७३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना परवान्यासाठी सुरक्षेचा कोर्स लागतो. अनुभवी माणसासोबत शिकाऊ म्हणून जाता येतं, पण कोर्स कराच म्हणा.

तुम्हाला बंदुकीची भीती वाटते, पण इथे माणसं मचाणावरूनही पडतात. अंगाला बांधायचा पट्टा जमिनीवरच चढवायचा, खाली उतरेपर्यंत सोडायचा नाही. बंदूक हातात धरून चढायचं नाही. ती रिकामी करून खाली दोरीला बांधायची, वर बसलं की ओढून घ्यायची. कमरेवरचे निम्मे कपडे तरी झगझगीत नारंगी किंवा गुलाबी हवेत, तसा नियमच आहे. बंदूक नवख्याला .२४३ कॅलिबरची (लहान गोळीची) बरी, धक्का कमी बसतो. तिचा नेम आधी रेंजवर (नेमबाजीच्या मैदानावर) १०० यार्डांवर जुळवून घ्यायचा.

पहिल्याच वर्षी टेकडीच्या माथ्यावर एक हरीण उभं राहिलं. मागे नुसतं आभाळ. गोळी पलीकडे कुठं जाईल ते दिसत नव्हतं, चापावर बोट नेलंच नाही. दुसऱ्या वर्षी मात्र घाई केली. गोळी पुढच्या पायामागे, काळीज-फुफ्फुसावर बसायला हवी होती, ती पोटात गेली. टॉर्च घेऊन रात्रभर वाळक्या पानांवरचे रक्ताचे थेंब शोधत फिरलो. सकाळी सापडलं तेव्हा ते थंड पडलं होतं. तेव्हापासून हरीण माझ्याकडे कूस करून, स्थिर उभं नसेल तर मी बंदूक उचलत नाही.

महालवाल्या दादांचं दुःख मला कळतं. मारलेलं हरीण खायचं नसेल तर जाऊच नये, हे माझंही मत. आणि इथे हरणांत सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) हा हरणाला झिजवून मारणारा रोग आहे. हरणाची तपासणी होऊन रोग नाही असा निकाल आल्यावरच मांस शिजवा म्हणावं.

प्रश्नकर्ती
दादा, आत्ताच फोन केला. पट्ट्याचं विचारलं तर त्याला ठाऊकच नव्हतं! मित्रानंही सांगितलं नव्हतं. यंदा बंदूक न घेता नुसता सोबत बसतो म्हणाला. पट्टा आणि नारंगी जॅकेट या शनिवारी आणणार आहे, फोटो पाठव म्हटलंय.