‘कराराचा सभासद’ म्हणावे, की ‘करारातले लेकरू’?

वावरकाठचा मास्तर:

एका शब्दावर तीन आठवडे अडकलो आहे, म्हणून येथे विचारतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात ख्रिस्ती घरे तीसच्या आत आहेत, पण मंडळ्या दोन. एका मंडळीत तान्ह्या लेकराच्या कपाळावर पाणी घालून बाप्तिस्मा देतात. दुसरीत लेकराला समर्पणासाठी नुसते पुढे आणतात आणि मोठे होऊन ते स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करील तेव्हाच त्याला पाण्यात बुडवतात. दोन्हींकडच्या तरुणांसाठी एक इंग्रजी पुस्तिका मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे आले असून तीत ‘कव्हनंट मेंबर’, म्हणजे देवाने आपल्या लोकांशी केलेल्या करारात सामील असलेला माणूस, हा शब्द पानोपानी येतो. जुना करार आणि नवा करार म्हणतच आपण मोठे झालो, म्हणून मी बिनदिक्कत ‘कराराचा सभासद’ असे लिहून टाकले. मसुदा वाचायला दिला, तेव्हा मंडळीचे एक वडील, जे आमच्या सेवा सहकारी सोसायटीचे संचालकही आहेत, चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, “मास्तर, सभासद व्हायचे तर अर्ज लागतो, शेअरची रक्कम लागते, सही नाहीतर अंगठा लागतो. तीन महिन्यांचे पोर कोणता अंगठा देते?” त्यांचा रोख माझ्या मराठीवर होता की शेजारच्या मंडळीवर, हे मला अजून उमगलेले नाही. दोन्ही मंडळ्यांना वाचता येईल असा शब्द कोणी सुचवील काय?

निवृत्त तलाठी:

मास्तर, वडिलांचे म्हणणे कायद्याला धरून आहे. १९६० च्या सहकारी संस्था कायद्यानुसार सभासद होणारी व्यक्ती करार करण्यास पात्र असावी लागते. पण आपण चुकीच्या दप्तरात शोधता आहात. सोसायटीचे रजिस्टर मिटा आणि सातबारा उघडा. खातेदार वारला की वारसांचा फेरफार होतो आणि त्यात पाळण्यातल्या लेकराचेही नाव चढते. नावापुढे ‘अ.पा.क.’ म्हणजे ‘अज्ञान पालनकर्ता’ असा शेरा पडून आईचे नाव लागते. मी अशा नोंदी पुष्कळ घेतल्या आहेत. एकदा तर बाई चौदा दिवसांचे बाळ पदराखाली घेऊन ओसरीवर बसली होती आणि मी त्या बाळाचे नाव विचारले, तर ते अजून ठेवलेलेच नव्हते. नाव ठरेपर्यंत फेरफार थांबला, पण त्या बाळाचा वावरातला हिस्सा थांबला नाही. पुढे मूल सज्ञान झाले की अर्ज करून तो शेरा कमी करून घेते. लेकरांना बाप्तिस्मा देणाऱ्या मंडळ्या दृढीकरण करतात, म्हणजे मोठे झाल्यावर त्याच्याच तोंडून विश्वास वदवून घेतात, ते याहून निराळे काय आहे? तेव्हा ‘कराराचा वारस’ लिहावे, असे माझे मत आहे.

पैनगंगाकाठ:

तलाठीभाऊ, दाखला देखणा आहे, पण आपण ‘करार’ शब्द ठेवून त्याला वारसा हक्काचे नियम लावत आहात. १८७२ च्या करार कायद्याखाली अज्ञान व्यक्तीशी केलेला करार मुळातच रद्दबातल असतो, हे १९०३ सालच्या प्रिव्ही कौन्सिलच्या निकालापासून पक्के झाले आहे. मी वकिलाकडे टंकलेखनाचे काम करते, त्यामुळे एवढे तरी मला पाठ आहे. शिवाय यिर्मयाच्या एकतिसाव्या अध्यायात नव्या कराराचे जे लक्षण सांगितले आहे, ते असे की त्यातले लहानापासून थोरापर्यंत सर्व जण परमेश्वराला ओळखतील. मग जो अजून ओळखतच नाही, त्याला त्या कराराच्या आत कसे धरावे? जुना करार कुळाचा होता, हे मला मान्य आहे. नवा करार ओळखीचा आहे.

माझी स्वतःची गोष्ट सांगते. लहानपणी माझ्यावर पाणी शिंपडले होते. एकोणिसाव्या वर्षी मी जानेवारीच्या थंडीत नदीत उतरले, तेव्हा काठावर उभी असलेली माझी आजी रडत होती. ओल्या लुगड्यानिशी मी बाहेर आले, तर ती म्हणाली, “तुह्या बापानं तुले हातावर धरलं होतं, ते पानी खोटं होतं काय वं?” मला तेव्हा उत्तर देता आले नाही. मात्र माझ्या बाप्तिस्म्याला ‘पुनर्बाप्तिस्मा’ म्हणू नये, एवढी विनंती आहे. १५२५ साली झुरिकमध्ये ज्यांनी असा बाप्तिस्मा घेतला, त्यांना ‘पुन्हा बाप्तिस्मा घेणारे’ हे नाव त्यांच्या विरोधकांनी ठेवले. त्यांच्यातल्या फेलिक्स मांझला तर १५२७ मध्ये तिथल्याच नदीत बुडवून मारण्यात आले.

ग्रंथपाल, अमरावती:

कायद्याच्या पुस्तकात शिरण्यापूर्वी शब्दाकडे पाहावे. ‘करार’ हा अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द असून त्याचा मूळ अर्थ स्थिरावणे, ठरणे असा आहे. ‘बेकरार’मध्ये तोच अर्थ आहे आणि आपल्या ‘करारी’ माणसातही तोच आहे, कारण करारी माणूस म्हणजे कागदावर सही करणारा नव्हे, तर न ढळणारा. दोन पक्ष, अटी आणि सह्या ही या शब्दावर नंतर चढलेली पुटे आहेत.

मुळातल्या हिब्रू भाषेत करार करीत नाहीत, ‘कापतात’. उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात अब्राम जनावरे चिरून त्यांचे तुकडे समोरासमोर मांडतो. दिवस बुडाल्यावर त्या तुकड्यांमधून धुमसती भट्टी आणि जळती मशाल जाते आणि अब्राम स्वतः त्यांमधून जातच नाही, कारण त्याला गाढ झोप लागलेली असते. एक पक्ष झोपलेला असताना झालेल्या या व्यवहाराला आजच्या मराठीत कोणी करार म्हणेल काय? पुढे जुना करार ग्रीकमध्ये आणणाऱ्यांनीही, परस्परांत ठरवलेल्या कराराचा शब्द त्या भाषेत असताना तो टाळून, एकाने आपल्या इच्छेने केलेल्या व्यवस्थेचा शब्द घेतला. इच्छापत्रालाही ग्रीकमध्ये तोच शब्द चालतो. त्यामुळे इब्री लोकांस पत्राच्या नवव्या अध्यायात तोच शब्द आला की त्याचा अर्थ मृत्युपत्र असा घ्यावा लागतो. म्हणजे भाषांतरात ‘करार’ लिहिले त्याच क्षणी निम्मा वाद पैनगंगाताईंच्या पदरात पडतो आणि ‘मृत्युपत्र’ लिहिले असते तर तो तलाठीभाऊंच्या पदरात पडला असता. मास्तरांना हवा असलेला निःपक्ष शब्द कोणत्याही कोशात सापडणार नाही, असे मला वाटते.

शुद्धमराठी:

परकीय शब्दांची अशी वकिली करण्याची काही आवश्यकता नाही. ‘करार’ हा ‘कर’ म्हणजे हात यावरूनच आला असला पाहिजे, कारण आपल्याकडे वचन हातावर हात देऊन होते. तरीही तो नकोच असेल, तर ‘संविदा’ हा शब्द उपलब्ध आहे. त्यावरून ‘संविदाअंतर्गत व्यक्ती’ असे लिहावे. ‘बाप्तिस्मा’ हा ग्रीक अवशेषही किती काळ वाहायचा? त्यासाठी ‘दीक्षा’ हा सुंदर शब्द आहे.

ग्रंथपाल, अमरावती:

हातावर हात देण्याची चाल खरी आहे, पण व्युत्पत्ती खरी नाही. ‘इकरार’, ‘मुकर्रर’ आणि ‘बरकरार’ ही सगळी त्याच अरबी धातूची भावंडे आहेत. त्यांना हात कोठून आणणार?

मेळघाटातली परिचारिका:

आमच्याकडे मध्य प्रदेशाची हद्द जवळ असल्यामुळे ‘संविदा’ म्हटले की लोकांना अकरा महिन्यांच्या नेमणुकीवर आलेला कर्मचारी आठवतो. देवाचे लेकरू अकरा महिन्यांच्या नेमणुकीवर असल्यासारखे वाटू नये, एवढ्यासाठी तरी तो शब्द टाळावा. ‘दीक्षा’विषयी मला अधिक गंभीर हरकत आहे. विदर्भात दीक्षा या शब्दामागे १४ ऑक्टोबर १९५६ चे नागपूर उभे आहे. ज्या घरांनी ती घेतली, त्यांच्या शेजारी राहून आपण तोच शब्द वेगळ्या विधीला लावला, तर ते उसनवारीसारखे दिसेल. शिवाय दीक्षा नेहमी घेणाऱ्याच्या इच्छेने होते, म्हणजे तो शब्दसुद्धा पैनगंगाताईंच्याच बाजूला झुकतो.

राहता राहिला ‘बुडवणे’. ग्रीक क्रियापदाचा सरळ अर्थ बुचकळणे, बुडवणे असाच आहे, हे आमचे पाळकसाहेब नेहमी सांगतात. परंतु आमच्याकडे कर्ज बुडवतात, शाळा बुडवतात आणि बँकही बुडवतात. एकदा बाह्यरुग्ण विभागात एका आजीने मला विचारले, “सिस्टर, तुमच्यात पोराईले बुडवते म्हनते, खरं काय?” तिला समजावून सांगता सांगता इंजेक्शनची रांग दारापर्यंत गेली.

ग्रंथपाल, अमरावती:

या ‘बुडवणे’पायी एकेकाळी बायबल संस्था फुटल्या आहेत. कलकत्त्याच्या बाप्तिस्त, म्हणजे विश्वास कबूल करणाऱ्यालाच बुडवून बाप्तिस्मा देणाऱ्या पंथाच्या, मिशनऱ्यांनी बंगाली नव्या करारात ग्रीक शब्द तसाच न ठेवता बुडवण्याच्या अर्थाचे क्रियापद वापरले, तेव्हा ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने त्या भाषांतराला साहाय्य नाकारले, कारण तिच्या वर्गणीदारांत शिंपडणारेही होते. अमेरिकेतही तोच वाद पेटून १८३६ साली तिथल्या बाप्तिस्तांनी वेगळी सोसायटी उभारली आणि १८४० मध्ये इंग्लंडातल्या बाप्तिस्तांनीही आपली निराळी संस्था काढली. मराठीत ‘बाप्तिस्मा’ हा ग्रीक शब्दच राहिला. त्याचे कारण आळस नव्हे. न उलगडलेला शब्द दोन्ही घरांत चालतो. शुद्धमराठी यांना जो अवशेष वाटतो, त्याच्यामुळेच दोन मंडळ्या एका पुस्तकातून वाचतात.

निवृत्त तलाठी:

ताईंनी करार कायदा काढला, म्हणून मी भागीदारी कायदा काढतो. १९३२ च्या त्या कायद्यात अज्ञान व्यक्तीला भागीदार करता येत नाही, परंतु सर्व भागीदारांच्या संमतीने तिला भागीदारीच्या लाभांत सामील करून घेता येते. सज्ञान झाल्यावर ठराविक मुदतीत तिने भागीदार व्हायचे की नाही, हे जाहीर करायचे असते. पेत्राने पन्नासाव्या दिवशीच्या भाषणात हे वचन तुम्हांला व तुमच्या मुलाबाळांना आहे असे सांगितले, ते मला या कलमासारखेच वाटते. प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात तुरुंगाधिकाऱ्याने आपल्या सगळ्या माणसांसह बाप्तिस्मा घेतला, लुदियेनेही घराण्यासह घेतला. आमच्याकडे सालदार गुढीपाडव्याला साल ठरवतो, तेव्हा बोलणी एकाशीच होतात, पण वाड्यावर राहायला त्याचे अख्खे घर येते.

पैनगंगाकाठ:

त्याच कलमाचे पुढचे वाक्य आपण सोडून दिलेत, तलाठीभाऊ. मुदतीत तो मुलगा काहीच बोलला नाही, तर तो भागीदार झाला असे कायदा धरतो. माझा आक्षेप नेमका तेथेच आहे. आमच्या गावात गप्प राहून ख्रिस्ती झालेले लोक मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्यांत काही वर्षे मीही होते. तुरुंगाधिकाऱ्याच्या घरी वचन सर्वांना सांगितले गेले आणि सर्व घराण्याने आनंद केला, असे त्याच अध्यायात लिहिले आहे; त्या घरात पाळणा होता, असे मात्र कोठेही लिहिलेले नाही. आणि सालदाराच्या बायकोपोरांना कोणी न विचारता राबवून घेतले जात होते, हा दाखला आपण आपल्या बाजूने दिला, याचे मला नवल वाटते.

मेळघाटातली परिचारिका:

‘वारस’ या शब्दावरून मला मराठी बायबलातला ‘वतन’ आठवला. पवित्र आत्मा हा आपल्या वतनाचा विसार आहे, असे इफिसकरांस पत्रात आहे. विसार म्हणजे आमच्या बाजारातला इसार, बैलजोडी ठरल्यावर हातावर ठेवतात तो. तो शब्द मला फार आवडतो. पण माझे वडील ‘वतन’ हा शब्द मोठ्याने वाचत नसत. ज्या वतनात जन्माने राबावे लागते, त्याच्याविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले होते, हे सांगून ते त्या ओळीवर थांबत. जन्माने मिळणारी गोष्ट चांगलीच असते, असे आपल्याकडच्या सगळ्याच घरांना वाटत नाही, हे ‘वारस’ लिहिण्यापूर्वी मास्तरांनी ध्यानात घ्यावे.

शुद्धमराठी:

चर्चा भलतीकडे गेली आहे. ‘लेकरू’ हा शब्द शीर्षकात शोभत नाही, याकडे कोणाचेच लक्ष नाही. ‘अपत्य’ लिहावे.

ग्रंथपाल, अमरावती:

‘अपत्य’ हे शिधापत्रिकेवर आणि जनगणनेत शोभते. प्रार्थनेत कोणी स्वतःला देवाचे अपत्य म्हणवून घेतलेले मी ऐकलेले नाही.

वादातल्या दोन्ही बाजू एकाच घरात कशा नांदतात, याचे उदाहरण मराठीत आहे. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्याबरोबर दोन-अडीच वर्षांच्या मनोरमेलाही तो देण्यात आला. एकाच दिवशी एक बाप्तिस्मा विचार करून घेतलेला आणि दुसरा आईच्या कडेवरचा. उलट ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तरी लक्ष्मीबाईंनी तो पाच वर्षांनी, स्वतःचे समाधान झाल्यावर घेतला, म्हणजे तेथे ‘घराण्यासह’ झाले नाही. त्याच टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ हा भक्तसंघ काढला, तेव्हा त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा दिली. त्यांना टिळकांनी सभासद म्हटले नसते, असे मला वाटते, कारण दरबारात माणूस हजर असतो किंवा नसतो.

वावरकाठचा मास्तर:

सर्वांचे आभार, पण माझे सातवे पान अजून कोरेच आहे. नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली, तेव्हा तीत सामील झालेल्या सहा मंडळ्यांत बाप्तिस्तही होते आणि लेकरांना बाप्तिस्मा देणारेही होते. दोन्ही प्रथा चालतील असे तेथे ठरले. त्यांनी शब्दाचे काय केले असेल, या आशेने मी आमच्या दोन्ही मंडळ्यांची जुनी रजिस्टरे पाहायला गेलो.

पहिल्या मंडळीच्या रजिस्टरात मुलाचे नाव, जन्मतारीख, आईबापांची नावे, बाप्तिस्म्याची तारीख आणि पाळकाची सही असे रकाने आहेत. शेवटचा रकाना ‘शेरा’ असा असून त्यात बहुतेकांपुढे निळ्या शाईत ‘दृढीकरण झाले’ आणि काहींपुढे काहीच नाही. तलाठीभाऊंना आपले दप्तर आठवेल, इतके ते सारखे आहे. दुसऱ्या मंडळीच्या रजिस्टरात लेकरांसाठी रकानाच नाही. समर्पणाच्या नोंदी मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिल्या आहेत. तेथे नुसती नावे आहेत, आणि पुढे बाप्तिस्मा झाला की ते नाव खोडून आत शाईने घेतले आहे. त्या पुठ्ठ्यावर सोसायटीवाल्या वडिलांच्या नातवाचेही नाव दिसले. मी ते बोटाने दाखवून विचारले, “दादा, हा कोण म्हणायचा?” ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “हा आपला आहे. पण ते तुमच्या पुस्तकात कसे लिहाल, ते मला विचारू नका.”

निवृत्त तलाठी:

मास्तर, पेन्सिलीच्या नोंदीला आमच्या दप्तरात कच्ची नोंद म्हणतात. ‘करारातील कच्ची नोंद’ असे लिहिता येईल काय?

पैनगंगाकाठ:

कच्ची नोंदसुद्धा कोणीतरी घेतलेली असते, भाऊ. माझा मुद्दा घेणाऱ्याविषयी आहे.